पाय शार्प, डोळा धूसर: किड्यांच्या क्लोजअपमधला नेहमीचा बिघाड कसा शोधावा

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो. घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठा करावा, तर नाकतोड्याच्या मिशीचं पेर न् पेर मोजता येतंय, पुढच्या पायावरचे काटे लख्ख आहेत, आणि डोळा मात्र दुधातून बघितल्यासारखा. एक नाही, दोन नाही, दिवसभराचे बहुतेक फोटो असेच. मग पहिला संशय लेन्सवर जातो.

मी सावंतवाडीचा. पावसाळा लागला की आंबोलीला किडे, कोळी, बेडूक टिपायला येणाऱ्या मंडळींबरोबर गेली बरीच वर्षं फिरतो आहे. रात्री जेवणं आटोपून लॅपटॉप उघडले की कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, "दादा, माझी लेन्स जरा बघता का?" अशा लेन्स पुष्कळ बघितल्या. खरोखर बिघडलेल्या त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या ठणठणीत होत्या. कुठे एखादं बटण सरकलेलं, कुठे काचेवर वाफ धरलेली, आणि बहुतेक ठिकाणी फोकस होता तिथे किड्याचा डोळा नव्हता.

म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. फुकटातल्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर, आणि जिथे आपण हात लावायचाच नाही ते शेवटी. मधल्या पायऱ्या गाळून थेट सर्व्हिस सेंटर गाठलं, तर लेन्स परत येईपर्यंत पावसाळा संपलेला असतो. कोळी आणि मृगाचा किडा आठ पायांचे, वाणी तर कितीतरी पायांचा. हे काही कीटक नव्हेत. पण कॅमेऱ्यासमोर सगळ्यांची अडचण एकच, म्हणून इथे सरसकट किडेच म्हणतो.

आधी लक्षणं

फोटो शंभर टक्के मोठा करा आणि डोळ्यावरून नजर हटवून सगळा फोटो फिरून या. प्रश्न एकच विचारायचा: या फोटोत कुठे तरी काही तरी शार्प आहे का?

शार्प आहे, पण भलत्याच जागी. पुढचा पाय, पाठीवरची लव, किंवा किडा बसलाय त्या पानाची कड. हे सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण. लेन्स आणि कॅमेरा दोन्ही निर्दोष आहेत, फोकस पुढेमागे झालाय.

काहीच शार्प नाही, आणि सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं. पानावरच्या दवाच्या थेंबातली चमक बघा. ती गोल ठिपका न दिसता छोटी रेघ दिसत असेल, तर हात हलला किंवा फांदी हलली. पान शार्प आणि फक्त मिशा फरफटलेल्या असतील, तर किडा स्वतः हलला.

काहीच शार्प नाही, ओढही नाही, पण उजळ जागांभोवती वलय आहे आणि काळा रंग राखाडी पडलाय. इथे काचेवर काहीतरी आहे: वाफ, बोटाचा ठसा, मळका फिल्टर, नाहीतर बुरशी.

सगळं जागच्या जागी आहे, कडाही आहेत, पण बारीक पोत गायब. डोळ्यावरची जाळी गुळगुळीत झालेली. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, गरजेपेक्षा जास्त मिटलंय, किंवा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, फार चढल्यामुळे कॅमेऱ्याने दाणे पुसता पुसता तपशीलही पुसलाय.

डोळा शार्प, पण वर पांढरा चट्टा. हा प्रश्न उजेडाचा आहे, फोकसचा नाही.

आणि शेवटचं, दुर्मीळ लक्षण: किडा कोणताही असो, फोटोची तीच एक बाजू कायम मऊ. हे लक्षात ठेवा, त्याकडे शेवटी येऊ.

काच आणि बटणं: पाच मिनिटांचं काम

फिल्टर काढा. जुना, स्वस्तातला यूव्ही फिल्टर उजेडाच्या विरुद्ध दिशेने काढलेल्या फोटोत धुरकट पडदा टाकतो. तो काढून एक फोटो, लावून एक फोटो, फरक समोर दिसेल. मग फुंकणीने धूळ उडवा आणि नंतरच कापड फिरवा. धुळीवर कापड घासलं की ओरखडे उठतात.

वाफेचा त्रास आमच्याकडे फार. एसी लावलेल्या गाडीतून घाट चढून यायचं, दार उघडायचं आणि लगेच कॅमेरा बाहेर काढायचा. गार काचेवर दमट हवा लागली की तिच्यावर थेंब धरतात, फ्रीजमधल्या तांब्यावर धरतात तसेच. पुढची काच पुसली तरी मागच्या काचेवर, कधी आत, वाफ राहते आणि पहिले चाळीस फोटो दुधाळ येतात. पुसत बसू नका. कॅमेरा पिशवीतच बंद ठेवा, वीसेक मिनिटं जाऊ द्या, काच बाहेरच्या हवेइतकी कोमट झाली की वाफ आपोआप जाते. मी पाहुण्यांना घाट अर्ध्यावर आला की एसी बंद करून काचा खाली करायला सांगतो.

आता बटणं. बऱ्याच मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या, लेन्सवर फोकसचा पल्ला ठरवणारं एक बटण असतं: पूर्ण, फक्त लांबचं, फक्त जवळचं. बॅगेत घासून ते "लांबचं" वर सरकलं की लेन्स जवळच्या किड्याला फोकस करायला साफ नकार देते आणि माणूस मोटर जळाली समजून घाबरतो. एका मुलाने तर या कारणासाठी अख्खी सहल अर्धवट टाकायची तयारी केली होती. बटण सरकवलं, दोन सेकंदांत लेन्स चालू.

लेन्सवर लिहिलेलं सर्वात जवळचं अंतर सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत फोटो जिथे उमटतो तिथपासून, मोजलेलं असतं, लेन्सच्या तोंडापासून नव्हे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक वर्तुळ आणि त्यातून आरपार गेलेली रेघ दिसेल, ती सेन्सरची जागा. तीस सेंटिमीटर लिहिलंय म्हणून किड्यापासून तीस सेंटिमीटरवर थांबलात, तर किडा लहानच येणार. आणि सेन्सरपासून तीस सेंटिमीटरच्याही आत गेलात, तर फोकस कधीच लागणार नाही.

व्ह्यूफाइंडरच्या शेजारचं चष्म्याच्या नंबरचं छोटं चाक बघा. तेही बॅगेत फिरतं. आतले आकडे सुईसारखे स्पष्ट दिसेपर्यंत फिरवा. हे चाक बिघडलेलं असताना हाताने फोकस करणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून सुईत दोरा ओवणं.

शटर आणि अपर्चर

किडा जितका मोठा दिसतो, तितकाच हाताचा कंपही मोठा दिसतो. १:१ म्हणजे एक सेंटिमीटरचा किडा सेन्सरवर एक सेंटिमीटरच पडतो. त्या मापावर १/६० सेकंदाच्या शटरने हातात धरून काढलेला फोटो जवळजवळ नक्की हललेला येतो. फ्लॅश नसेल तर १/३२० च्या खाली मी जात नाही, आयएसओ ८०० किंवा १६०० झाला तरी चालेल. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

"पण माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे." असू दे. लांबच्या फोटोत कॅमेरा तिरपा झाल्याने जो कंप येतो तो स्टॅबिलायझर सावरतो. अगदी जवळ गेल्यावर कॅमेरा वर-खाली, डावी-उजवीकडे सरकतो तो कंप वेगळा, आणि तो सावरणं त्याला जड जातं. कॅननने २००९ मध्ये १०० मिमीची मॅक्रो लेन्स काढली ती नेमकी या दुसऱ्या कंपासाठी सोय करून. तिच्याबद्दलही कंपनीचा स्वतःचा दावा लांबच्या फोटोत चार स्टॉपचा आणि १:१ ला दोनच स्टॉपचा होता (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवायची मुभा). शिवाय पुढे-मागे होणारी डोल कुठलाच स्टॅबिलायझर थांबवत नाही, आणि आपला खरा शत्रू तीच आहे.

अपर्चरच्या बाबतीत सगळ्यांना एकच सल्ला मिळालेला असतो: जास्त भाग शार्प हवा तर अपर्चर मिटवा. अर्धा सल्ला बरोबर आहे. एफच्या पुढचा आकडा जितका मोठा, तितकं अपर्चर बारीक. १:१ ला एफ/८ वर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यात शार्प पट्टा साधारण एक मिलिमीटर जाड असतो. एफ/१६ केलं तर दोन मिलिमीटर. बस्स, एवढीच कमाई. आणि त्यासाठी मोजतो किती? जवळ गेल्यावर अपर्चरचा खरा परिणाम लिहिलेल्या आकड्यापेक्षा वाढतो. मोठेपणात एक मिळवून गुणायचं. १:१ ला दोनने. म्हणजे एफ/१६ हे खरं तर एफ/३२ सारखं वागतं. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि किड्यावरचा प्रत्येक सूक्ष्म बिंदू सेन्सरवर सुमारे ०.०४ मिलिमीटरचा ठिपका होऊन पडतो. आजच्या कॅमेऱ्यांचा एकेक पिक्सेल त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. डोळ्याची जाळी पुसली जाते ती इथे.

म्हणून १:१ ला एफ/८ ते एफ/११, आणि २:१ पर्यंत जाणारी लेन्स असेल तर तिथे एफ/५.६. यापुढे मिटवून फायदा नाही. निकॉनवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: त्यांच्या बॉडीवर जवळ गेल्यावर आकडा आपोआप वाढतो, एफ/२.८ ची लेन्स एफ/४.८ किंवा एफ/५ दाखवायला लागते. तो बिघाड नाही, कॅमेरा खरा परिणाम हिशोबात धरून सांगतोय. तेव्हा त्यांनी वरचं एफ/८ म्हणजे स्क्रीनवरचं एफ/१६ समजावं.

खरी जागा: तुमचं अंग

इथे थोडं थांबतो, कारण दहातल्या आठ जणांचा प्रश्न इथेच सुटतो.

एक मिलिमीटर. एवढाच शार्प पट्टा हातात आहे. उकिडवं बसलेल्या माणसाचं अंग नुसत्या श्वासाने त्याच्या कितीतरी पट पुढे-मागे डोलतं. ऑटोफोकस डोळ्यावर लागला, टिक् वाजलं, आणि बटण दाबेपर्यंत तुम्ही दोन मिलिमीटर पुढे झुकलेले असता. फोकस डोळ्यावरून सरकून मागे मानेवर गेला. मागे डोललात तर पुढच्या पायावर आला. पाय शार्प, डोळा धूसर, याचं सगळं गणित हे.

तेव्हा ऑटोफोकस बंद. लेन्स हाताने हव्या त्या मोठेपणावर आणून ठेवा आणि फोकसची रिंग विसरून जा. आता फोकस करायचा तो अंगाने. श्वास घ्या, अर्धा सोडा, आणि किड्यापासून किंचित मागे राहून अगदी सावकाश पुढे झुका. व्ह्यूफाइंडरमध्ये शार्प पट्टा मिशांवरून, तोंडावरून सरकत डोळ्यावर येताना दिसेल. डोळ्याला लागतोय असं वाटण्याच्या क्षणभर आधी बटण दाबा आणि झुकत राहूनच तीन-चार फोटो घ्या. त्यातला एक बरोबर पडतो. चार फोटो वाया गेले तर जाऊ द्यात. अनुभवी माणूसही असेच काढतो आणि उरलेले पुसून टाकतो.

डोळ्यावर नेमकं काय बघायचं? टाचणीच्या (चतुरासारखा सडपातळ किडा) किंवा खंडोबाच्या किड्याच्या (मँटिस) डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो, आणि तुम्ही फिरलात की तोही तुमच्याकडे वळतो. ती बाहुली नव्हे. संयुक्त डोळ्याच्या ज्या नळ्या नेमक्या तुमच्या दिशेने असतात, त्या उजेड परत न पाठवता गिळतात, म्हणून तेवढी जागा काळी दिसते. त्या ठिपक्याची कड स्पष्ट झाली की फोकस लागला समजा. उडी मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन मोठे डोळे तर भिंगासारखे. त्यांच्या वरच्या पापणीसारख्या केसांवर फोकस लावला तर डोळा हुकतो, कारण केस एक मिलिमीटर पुढे असतात.

आता डाव्या हाताची युक्ती. आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या वाटेवर पहाटे गवताच्या काडीवर टाचणी बसलेली असते, अंगभर दव. काडी वाऱ्याने हलतेय, तुम्हीही हलताय, दोघांच्या हलण्याचा मेळ नाही. अशा वेळी काडी किड्याच्या वीतभर खाली डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने अलगद धरा. मग त्याच हाताच्या उरलेल्या बोटांवर आणि तळव्यावर लेन्सचं तोंड टेकवा. आता किडा, हात आणि लेन्स मिळून एकच वस्तू झाली. वारा आला तर तिन्ही एकत्र हलतात आणि त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. पुढे-मागे करायचं झालं तर लेन्स तळव्यावरून अर्धा मिलिमीटर सरकवायची. मी हे पहिल्यांदा केलं त्या सकाळी टाचणीच्या डोळ्यावरच्या दवाच्या थेंबात मागचं सगळं गवत उलटं दिसलं होतं, आणि तो थेंब पुरता शार्प होता.

काडी धरताना घाई केली तर किडा उडतो. हात खालून, गवताच्या पातळीवरून आणा, वरून नको. वरून येणारी सावली म्हणजे पक्षी, एवढं किड्याला पक्कं कळतं. आणि काडी तोडू नका. तोडलेल्या काडीवरचा किडा दोन मिनिटांत निघून जातो, त्याचा दिवसही मोडतो.

काडी धरणं जमत नसेल तर बांबूची एक काठी जमिनीत रोवा आणि कपड्यांच्या चिमट्याने फांदी तिला अडकवा. मोठा ट्रायपॉड पावसाळी झुडपांत क्वचितच उपयोगी पडतो. तो मांडेपर्यंत तीन फांद्या हललेल्या असतात. गुडघा टेकून कोपर दुसऱ्या गुडघ्यावर, किंवा सरळ पालथं पडून दोन्ही कोपरं जमिनीवर, हा फुकटचा ट्रायपॉड चांगला.

कोन

पट्टा एक मिलिमीटरचाच आहे, तर तो वापरायचा कुठे हे आपण ठरवू शकतो. चतुर समोरून काढला तर डोळे शार्प आणि पंख धुक्यात. तोच बाजूने, सेन्सर त्याच्या अंगाला समांतर ठेवून काढला, तर डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं एकाच पट्ट्यात येतं. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर हे सोपं. पंखांची एक बाजू मऊ येत असेल, तर गुडघा दोन बोटं सरकवा; लेन्स बदलायची गरज नाही. देशावर मृगाच्या पहिल्या पावसानंतर निघणारे लाल मखमली किडे वरून काढावेसे वाटतात, पण मखमल दिसते ती जमिनीच्या पातळीवरून.

वेळ

किडे स्वतःचं अंग ऊन घेऊन तापवतात. पहाटे गारठ्यात त्यांना झटकन उडता येत नाही, म्हणून सूर्य वर येईपर्यंतचा तासभर आपला. दुपारी चतुराच्या मागे धावून धूसर फोटो आणण्यापेक्षा पहाटे पाचचा गजर लावा. रात्रीही चालेल, बरेच किडे झोपलेले असतात. फ्रीजमध्ये ठेवून किडा सुस्त करायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. जिवाला त्रास होतोच, आणि तसा किडा फोटोत अवघडलेला, पाय आखडलेला दिसतो.

उजेड: इथून थोडा खर्च

एवढं करूनही फोटो हलत असेल तर फ्लॅश. जंगलाच्या सावलीत एफ/११ ला पुरेसा उजेड मिळतच नाही. कमी ताकदीवर ठेवलेला फ्लॅश सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच पेटतो. अंधाऱ्या जागी फोटो तेवढ्याच वेळात बनतो, मग हात डोलला काय आणि काडी हलली काय. मी एफ/११, १/२००, आयएसओ २०० वर सुरुवात करतो. उन्हात मात्र फ्लॅश एकटा पुरत नाही. उन्हाचा फोटो १/२०० ने आणि फ्लॅशचा त्याच्यावर, असे दोन फोटो एकात एक बसतात आणि कडांना भुताटकी सावली येते. उन्हात काढायचं तर छत्रीची सावली करा.

नुसता फ्लॅश किड्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा चट्टा उमटवतो, विशेषतः भुंगेऱ्यांवर. किड्याला दिसणारा दिवा मोठा झाला की चट्टा पसरून मऊ होतो. म्हणून डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा. तो विकत घ्यायची गरज नाही. वेफर्सचा गोल डबा तिरपा कापा, आतून चांदीचा कागद असतोच, पुढच्या तोंडाला ट्रेसिंग पेपरचे दोन थर चिकटवा, त्याच्या पुढे टीव्ही-मिक्सरच्या खोक्यातून येणारी पांढऱ्या फोमची पातळ शीट. ती शीट लेन्सच्या तोंडावरून किड्याच्या जितकी जवळ लोंबेल तितका उजेड मऊ. पावसात ट्रेसिंग पेपर भिजून लोंबतो, त्यामुळे दोन-तीन तुकडे कापून खिशात ठेवा.

मागचं सगळं काळं येत असेल तर तोही बिघाड नाही. फ्लॅशचा उजेड अंतर वाढलं की झपाट्याने कमी होतो. किड्याच्या मागे वीतभर अंतरावर एखादं पान येईल असा कोन धरा.

मोबाईलवाल्यांसाठी थोडक्यात: स्वस्त फोनमधला वेगळा दोन मेगापिक्सेलचा "मॅक्रो" कॅमेरा वापरू नका. मुख्य कॅमेऱ्याने हातभर मागून दुप्पट झूम करून काढलेला फोटो त्याहून चांगला येतो. ज्या फोनची वाइड लेन्स दोन सेंटिमीटरवर फोकस करते तिच्यासमोर स्वतःचीच सावली पडते. बाजूने पांढरा कागद धरा.

रेनॉक्सची डीसीआर-२५० सारखी चिमट्याने लावायची भिंगं वापरणाऱ्यांनी अंतर पाठ करावं. ते आठ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाचा नंबर) भिंग आहे, म्हणजे लेन्सचा फोकस लांबवर असताना किडा भिंगापासून साडेबारा सेंटिमीटरवरच शार्प दिसणार. कितीही रिंग फिरवली तरी यात फार फरक पडत नाही. "फोकसच होत नाही" म्हणणारे बहुतेक वीतभर लांब उभे असतात.

दहाच्या नोटेची परीक्षा

अजूनही शंका असेल तर आता लेन्सची परीक्षा घ्या. इथे किडा, वारा आणि हात तिन्ही वगळायचे. २०१८ पासून चलनात आलेली, मागे कोणार्कचं सूर्यमंदिर असलेली चॉकलेटी दहाची नोट घ्या, शक्यतो कोरी. तिच्यावर "भारत", "आरबीआय" अशी सूक्ष्म अक्षरं छापलेली असतात, नुसत्या डोळ्याला रेघ वाटते. ती भिंगातून शोधा. नोट पुस्तकावर सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर.

समांतर आहे का हे बघायला नोटेवर छोटा आरसा ठेवा. व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्सचं तोंड आरशात अगदी मधोमध दिसलं की कॅमेरा सरळ. आरसा काढा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे पाठीवरच्या स्क्रीनवर, मोठं करून हाताने फोकस करा, एफ/८, दहा सेकंदांचा टायमर. तीन-चार फोटो, दर वेळी फोकस नव्याने लावून.

अक्षरं, शाईच्या कडा, कागदाचे तंतू स्वच्छ दिसले तर तुमची लेन्स उत्तम आहे. वर जा आणि "तुमचं अंग" पुन्हा वाचा. मधला भाग स्वच्छ पण दर फोटोत तीच बाजू मऊ, आरशाने जुळवूनही मऊ, तर आतली काच सरकलेली असू शकते. सगळंच दुधाळ असेल तर बुरशी बघा.

बुरशीसाठी लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत मागून मोबाईलचा टॉर्च तिरपा मारा आणि पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे किंवा बर्फाच्या फुलासारखी नक्षी दिसली की ती बुरशी. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, त्याने फोटोला काही होत नाही. बुरशी आढळली तर ती लेन्स त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळी करा. इतर लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत, आत छोटं आर्द्रतामापक ठेवून ४० ते ५० टक्क्यांवर राखा. डब्यात डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. तांदूळही नको, त्याची पावडर उडते.

फोकस स्टॅकिंग, म्हणजे मिलिमीटरहूनही कमी कमी पुढे सरकत काढलेले दहा-वीस फोटो एकत्र जोडणं, हा वरचा सगळा अभ्यास झाल्यावरचा टप्पा आहे. धूसर फोटोंवरचा इलाज म्हणून त्याच्याकडे वळू नका. दहा हललेले फोटो जोडून एक शार्प फोटो होत नाही.

इथे थांबा

कॅमेऱ्यापेक्षा आधी स्वतःचं. पालापाचोळ्यात पालथं पडण्याआधी काठीने पाला हलवून बघा. फुरसं हा विषारी साप लहानसा असतो, पाल्याच्याच रंगाचा, आणि कोकणात तो सगळीकडे आहे. चावलं तर बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका; हालचाल कमी ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात पोचा. आग्या मोहोळाच्या आसपास फ्लॅश कधीही नाही, कितीही लांबून असला तरी. गांधीलमाशी चावल्यावर ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या किंवा श्वास जड झाला तर फोटो तिथेच सोडून डॉक्टर. आणि अभयारण्यात वनखात्याची परवानगी नसेल तर आत शिरू नका.

लेन्सचं म्हणाल तर हे पाच प्रसंग सर्व्हिस सेंटरचे: आत बुरशी, नोटेच्या परीक्षेत कायम एकच बाजू मऊ, लेन्स हलवली की आत खुळखुळ, फोकसची रिंग मध्येच अडकणं, आणि अपर्चरची पाती चिकटणं किंवा त्यांच्यावर तेल दिसणं. स्टॅबिलायझर असलेल्या काही लेन्स बंद असताना किंचित खुळखुळतात, ते चालतं. पडल्यानंतर नव्याने सुरू झालेला आवाज चालत नाही. यातलं काहीही घरी उघडू नका. आतल्या काचा केसाच्या अंतराने बसवलेल्या असतात. एका मित्राने व्हिडिओ बघून बुरशी पुसायला लेन्स उघडली. बुरशी गेली, पण काच परत बसवताना किंचित तिरपी बसली, आणि त्या लेन्सची डावी बाजू आजही मऊ आहे.

लेन्स देताना नुसतं "शार्प येत नाही" म्हणू नका. नोटेचे फोटो पेनड्राइव्हवर द्या आणि कोणती बाजू, कोणतं अपर्चर, कोणतं अंतर ते कागदावर लिहून द्या. पावतीवर सिरीयल नंबर लिहून घ्या. नोट मात्र पुस्तकावरून काढू नका. लेन्स परत आली की त्याच कोपऱ्याचा, त्याच अंतरावरून, त्याच एफ/८ वर पुन्हा फोटो काढायचा आहे.